जोर नको, नेमका पाना हवा

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘अरे, घट्ट बंद कर!’ जुन्या नळांना ते चालायचं. त्यांच्यात रबरी वायसर असायचा. चक्री पिळली की तो खाली दाबला जायचा, आणि थोडा झिजला असला तरी जास्त पिळून वेळ निभायची. आजच्या पाव फेऱ्याच्या नळाला हा उपाय लागू पडत नाही. त्याच्या कार्ट्रिजमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटून असतात, एक स्थिर आणि एक फिरणारी. दोघींची भोकं समोरासमोर आली की पाणी येतं, सरकली की थांबतं. चकत्या इतक्या सपाट घासलेल्या असतात की मधून पाण्याला वाट मिळत नाही. पण टाकीतला वाळूचा कण आत शिरला आणि चरा पडला, की कितीही पिळा, थेंब पडतच राहतो. सेकंदाला एक धरला तरी दिवसाचे 86,400 थेंब. अशा वेळी कार्ट्रिजच बदलावं लागतं.

नवं कार्ट्रिज बसवणं अवघड नाही, जुनं काढणं अवघड आहे. पुण्यात इतकी वर्षं प्लंबिंग करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. या कामातलं निम्मं कसब नळाला पाना लावण्याआधीच, तो पाना निवडताना लागतं.

सुरुवात मुठीपासून होते. ओट्याखालचा अँगल कॉक बंद करायचा, नळ उघडून साचलेलं पाणी सोडून द्यायचं आणि सिंकच्या जाळीवर फडकं अंथरायचं, म्हणजे स्क्रू मोरीत जात नाही. मग मुठीवरचं लाल-निळं बटण नखाने उचलायचं. खाली कधी साधा स्क्रू असतो, कधी बिनडोक्याचा ग्रब स्क्रू. या दुसऱ्याला ॲलन की लागते. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या विल्यम ॲलन यांनी 1910 मध्ये असे स्क्रू बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्या काळी यंत्रांच्या फिरत्या भागांवर स्क्रूची डोकी वर आलेली असत आणि कामगारांचे कपडे त्यांत अडकत. डोकं आत घेतल्याने तो धोका टळला. नळाच्या मुठीत हा स्क्रू लहान असतो, त्याला बहुधा 2.5 किंवा 3 मिलिमीटरची की लागते. अर्ध्या मिलिमीटरने लहान की घातली तरी ती फिरताना आतले कोपरे खाते. म्हणून की आत गेली की आधी हलवून बघायची. डुगडुगली तर ती आपली नव्हे.

मूठ निघाली की खरा प्रश्न समोर येतो. पितळी कार्ट्रिजचा षटकोन नळाच्या पोटात खोल बसलेला असतो. आपला नेहमीचा स्क्रू पाना फार गुणाचा. स्वीडनच्या योहान्सन यांनी 1892 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि आजही प्लंबरच्या पिशवीत तो असतोच. पण त्याचे जबडे या खड्ड्यात उतरत नाहीत. पक्कड उतरते, पण ती षटकोनाच्या कोपऱ्यांनाच चावते. पितळ मऊ, दोन झटक्यांत षटकोन गोल होतो आणि मग कुठलाच पाना कामाचा राहत नाही.

इथे लागतो खोल गोटी पाना, किंवा नळीसारखा बॉक्स पाना. त्यातही नुसतं माप जुळून भागत नाही. गोटीच्या भिंतीची जाडी बघावी लागते, कारण षटकोन आणि नळाचं अंग यांच्यात जागा जेमतेम असते. गोटी पोकळ हवी, म्हणजे मधला दांडा तिच्यात सामावतो. आणि ती सहा कोनी असावी. बारा कोनी गोटी कोपऱ्यांजवळ जोर देते, सहा कोनी सपाट बाजूंवर पकड घेते.

माप घ्यायला व्हर्निअर आत जात नसेल तर मी घरातल्यांकडे कणकेचा गोळा मागतो. ‘दादा, आत्ताच मळलीय, घ्या की,’ असं म्हणून काकू कुतूहलाने बाजूला उभ्या राहतात. गोळ्याला तेलाचा हात लावायचा, हळूच आत दाबायचा आणि सरळ वर काढायचा. पिठावर षटकोनाचा ठसा उठतो, पैंजणाच्या पेटीतल्या साच्यासारखा स्वच्छ. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर मोजायचं. मग झाडूची काडी आत घालून खोली पाहायची. हे दोन आकडे कागदावर लिहून बोहरी आळीतल्या हत्यारांच्या दुकानात गेलं की दुकानदार चार गोट्या काढून समोर ठेवतो. मापाची मिळाली पण भिंत जाड निघाली, तर ग्राइंडरवर बाहेरून उतरवून घेता येते.

बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार आट्यांवर चढले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळावं आणि मग धुऊन टाकावं. फार वेळ ठेवलं तर मुलाम्याची चमक जाते. त्यानंतर पाना बसवून सावकाश दाब द्यायचा. एका क्षणी ‘कट’ असा आवाज येतो आणि आटे सुटतात. त्या वेळी हाताला जाणवतं की नेमकं हत्यार असलं की ताकद फार लागत नाही. जोर वाढवावासा वाटला, तर पाना चुकलाय असं मी समजतो.

जुनं कार्ट्रिज दुकानात सोबत न्यावं. दांड्यावरचे दाते, उंची, आटे, फिरण्याची दिशा हे सगळं कंपनीगणिक बदलतं. एकाच दांडीच्या मिक्सरचं कार्ट्रिज वेगळंच असतं, बहुधा 35 किंवा 40 मिलिमीटर व्यासाचं, आणि त्याच्या तळाच्या खुंट्या आपापल्या भोकांतच बसाव्या लागतात. नवं बसवताना आधी बोटांनीच फिरवावं, पाना शेवटच्या थोड्या आवळणीपुरता.

वाचकांना माझी एक विनंती आहे. नवा नळ घेताना चमक आणि किंमत बघालच, पण दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा: याचं कार्ट्रिज सुटं मिळतं का, आणि ते उघडायला कोणता पाना लागतो? उत्तर मिळालं तर तो पाना त्याच दिवशी विकत घ्या आणि ओट्याखाली ठेवा. उत्तर मिळालं नाही, तर तो नळ घेऊ नका.