मूळ फाइल

जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं आपल्या भाषेत आणणाऱ्या बाईला स्वतःच्या गाडीची चार ओळींची जाहिरात लिहायला दोन दिवस लागले. ‘गाडी विकणे आहे’ हे सोपं होतं. कोणती गाडी, इथे घोडं अडलं.

कंपनीच्या कागदावर ती फियाटची अबार्थ पुंटो. २०१५ साली भारतात आली, पुण्याजवळ रांजणगावात तयार व्हायची, फार विकली गेली नाही. दिसायला साधी हॅचबॅक. पण बॉनेटखाली १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारी चाकांना डिस्क ब्रेक आणि नाकावर विंचू. कार्लो अबार्थची रास वृश्चिक, म्हणून विंचू. हा गृहस्थ १९०८ साली व्हिएन्नात कार्ल म्हणून जन्मला आणि इटलीत कार्लो झाला. शिवाय पुंटो म्हणजे इटालियनमध्ये बिंदू, पूर्णविरामसुद्धा. नावापासूनच भाषांतर झालेली गाडी मी घेतली नसती तरच नवल. (स्पोर्ट्स कारला दोनच दारं हवीत, असं म्हणणारे शुद्धतावादी असतात. ते साहित्यातही असतात.)

टर्बोची गंमत वाट पाहण्यात आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूरच एक चाक फिरवतो, ते चाक बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात कोंबतं, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळतं. पण धुराला जोर यायला इंजिनाला आधी वेग यावा लागतो. त्यामुळे पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पाठीत कुणीतरी हात घालून ढकलल्यासारखं होतं. सात वर्षं बंगळुरूत राहून, कन्नड कादंबऱ्यांची मराठी करता करता, मी त्या एका क्षणासाठी रविवारी पहाटे पाचला उठत आले.

आणि ती कागदावरची गाडी राहिली नव्हती. एका कसबी माणसाने लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल नव्याने लिहिली होती: टर्बोचा दाब किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी. एक पुर्जा न बदलता १४५ची १७५च्या आसपास झाली. बदल्यात तिला ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोल लागू लागलं, कारण वाढलेल्या दाबाखाली साधं पेट्रोल वेळेआधीच पेटतं. पुढे सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांच्या आड येतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही. म्हणून जाहिरातींमध्ये एक सांकेतिक भाषा चालते. ‘स्टेज वन’ म्हटलं की जाणकार ओळखतो, बाकीचे पुढे जातात. मी सगळं उलगडून लिहिलं: काय बदललं, कधी, मूळ पुर्जे खोक्यांत जपून ठेवलेत, आणि विकण्याचं कारण, की आई राहायला आली आहे आणि तिचे गुडघे त्या खोलगट सीटवर बसू देत नाहीत.

फोन येऊ लागले. निम्म्या लोकांनी आधी ‘साहेबांना द्या’ म्हटलं. कोचीच्या माणसाचा पहिला प्रश्न, मूळ पुर्जे आहेत ना? केरळात बदललेल्या गाड्यांवर परिवहन खात्याची नजर कडक असते. कोइमतूरहून एकजण अर्धा तास टर्बोवर सुरेख बोलला आणि शेवटी म्हणाला, मला घ्यायची नाही, माझ्याकडे आहे. एका जोडगोळीला टेस्ट ड्राइव्ह फक्त चित्रीकरणासाठी हवी होती. जुन्या गाड्यांच्या दलालाने फेरफारांची यादी वाचून किंमत साठ हजारांनी उतरवली. घरात घातलेलं फर्निचर आणि गाडीत घातलेला पैसा, दोन्ही विकताना दुसऱ्याच्या डोळ्यांना अडगळ दिसतं.

मग धारवाडचे बापलेक आले. मुलगा बावीसचा, नुकता नोकरीला लागलेला, गाडीबद्दल माझ्याहून जास्त जाणणारा. वडील न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. शिरस्तेदार हा शब्द ऐकून मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. फारसीतून आलेला हा शब्द दोन्ही भाषांनी सारखाच वापरला आहे. फेरी मारताना ते मागे बसले, गुडघे पोटाशी घेऊन, एक शब्द न बोलता. गाडीने पाठीत ढकललं तेव्हा आरशात मला त्यांचा हात दिसला, पुढच्या सीटची कड घट्ट धरलेला.

मुलगा खाली उतरून चाकं पाहत होता. वडील मला धारवाडकडच्या आदराने अक्कार म्हणत होते.

“अक्कार, कागदावर किती घोडे?”

“एकशे पंचेचाळीस.”

“आणि गाडीत?”

“एकशे पंचाहत्तरच्या आसपास.”

“मग वरच्या तीस घोड्यांना जामीन कोण?”

मुलाला गाडी होती तशीच हवी होती आणि त्यासाठी तो चाळीस हजार जास्त द्यायला तयार होता. वडिलांना ती मूळ रूपात हवी होती. दोघेही मला वेगवेगळं गाठून सांगत होते, आणि दोघांच्या मध्ये मी, जे काम मी एरवी पैसे घेऊन करते तेच करत. चाळीस हजार म्हणजे माझ्या एका कादंबरीच्या अनुवादाचं मानधन. तरी मी वडिलांच्या बाजूने कौल दिला. त्याला उपदेश करायचा नव्हता. पण मला ती फाइल सात वर्षांत, तीही पंचेचाळिशीकडे झुकताना, हळूहळू कळली होती, आणि त्याला ती पहिल्या दिवशी मिळणार होती.

लॅपटॉपवाल्याने मूळ फाइल जपून ठेवली होती. वीस मिनिटांत ती परत चढली; सायलेन्सर आणि फिल्टरला अर्धा दिवस गेला. परतताना गाडी इतकी शांत होती की मला ब्लिंकरची टिकटिक ऐकू आली.

व्यवहाराच्या दिवशी वडिलांनी फॉर्म २९ आणि ३० स्वतः भरून आणले, अक्षर छापल्यासारखं. खरेदीदाराच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव. मुलाचा चेहरा पडला. ते मला म्हणाले, २०१८चा निकाल आहे, नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर. नोंद बदलेपर्यंत तुम्ही, त्यानंतर मी. “त्याने पाय दाबताना माझं नाव आठवावं एवढंच.” चौदा दिवसांच्या आत मला आरटीओला कळवायचं होतं, मी दुसऱ्याच दिवशी कळवलं, आणि नोंद बदलल्याचा संदेश येईपर्यंत रोज रात्री झोपण्यापूर्वी त्या नंबरावर दंडाची पावती फाटली आहे का, ते पाहत राहिले.

संदेश आला. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी त्यांचा फोन. आईची चौकशी केली, माझ्या कामाची केली. मग म्हणाले, “अक्कार, एक विचारायचं होतं. मुलगा म्हणतो, या गाडीला महागडं पेट्रोलच लागतं, साधं चालत नाही. खरं का?”

मी थोडी थांबले.

“मूळ फाइलवर साधं चालतं,” मी म्हटलं.

पलीकडे धारवाडच्या रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू आला, मग कुकरची शिट्टी.

“तिळीतु,” ते म्हणाले. समजलं.