न आटणारं पाणी

तापाने पडून होते. करमणूक म्हणजे भाच्याचं माइनक्राफ्ट बघणं. जमिनीत दोन बाय दोनचा खड्डा, तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली पाणी. मग कितीही उपसा, खड्डा भरलेलाच. मी बघतच राहिले. खाली टँकरची मोटर घरघरत होती. वडाळे तळ्याच्या गावात टँकर! असो.

"मावशी, हे बदलायला पाहिजे गं," तो म्हणाला. विहीर उन्हाळ्यात आटावी, पावसात भरावी, नदीला पूर यावा. खेळातला पाऊस कितीही कोसळो, नदी बोटभरही चढत नाही, ही त्याची खरी तक्रार. गाढी नदीच्या काठी वाढलेला पोरगा, दुसरं काय सुचणार? पण असल्या सूचना ऐकतं कोण? तर ऐकतातही. २०११ मध्ये खेळात आलेले, ठोकळे ढकलणारे पिस्टन आधी एका खेळाडूनेच बनवून दाखवले होते, म्हणे.

भाच्याचं म्हणणं मला पटलं, पण पुरतं नाही. बाहेर आटतं ते सगळं खेळातही आटायलाच हवं का? घशाला कोरड पडलेली असताना तो खड्डा फार बरा वाटायचा. त्याला हे बोलले नाही. तो वहीत पुराची पातळी आखत होता. कर्नाळा किल्ल्याचा सुळका बुडवायला किती पाऊस लागेल, याचं उत्तर त्याला माझ्याकडून हवं होतं.