कॅमेरा कुणाच्या हातांवर?

दुरून शस्त्रक्रिया शिकवायची म्हटलं की नामवंत सर्जनचं ऑपरेशन पडद्यावर दाखवायचं, अशीच बहुतेकांची कल्पना असते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या चकलांबा परिसरात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी उलट सांगतो, "माझे हात पुष्कळ पाहिलेत, आता तुमचे दाखवा."

फोन समोर ठेवायचा नाही; खांद्यामागे, थोडा उंचावर. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं आणि गाठीचा सगळा खेळ डाव्या-उजव्याचाच. पहिला वेढा एका दिशेने, दुसरा विरुद्ध दिशेने. नाहीतर गाठ सरकते. सरावासाठी दोरा औषधाच्या रिकाम्या खोक्याला बांधायचा. गाठ आवळताना खोकं उचललं गेलं तर हात वर ओढला गेला. पोटात तिथे रक्तवाहिनी फाटली असती. रेंज नसली तरी अडत नाही. व्हिडिओ काढून ठेवायचा, रेंज आली की पाठवायचा. मी तो थांबवत थांबवत पाहतो आणि चूक बोलून कळवतो.

2001 मध्ये जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या रुग्णाचं पित्ताशय रोबोटच्या साह्याने काढलं. सर्जनचे हात समुद्रापार पोचले. आपली गरज वेगळी आहे: जिथे रुग्ण आहे, तिथलेच हात तयार व्हायला हवेत.

आणि नजरही. कोयत्याने कापलेला हात घेऊन ऊसतोड मजूर येतो. टाके घालायची घाई होते. मी विचारतो, "आधी बोट वाकवून पाहिलंत का?" बोट वाकत नसेल तर आतला स्नायुबंध तुटलेला असू शकतो. वरून कातडी शिवून टाकली तर तो माणूस पुन्हा कोयता धरू शकणार नाही. अशा वेळी जखम धुवून, पट्टी बांधून, हाताला आधार देऊन बीडला पाठवणं हेच खरं कौशल्य. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गरज नसताना होतात, या आरोपांवरून 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ती याच जिल्ह्यासाठी. कधी कापायचं नाही, हे शिकवायला महागडं यंत्र लागत नाही. अनुभवी माणूस फोनवर हवा.

म्हणून जिल्ह्यातल्या, शहरातल्या ज्येष्ठ सर्जनांना माझी विनंती आहे: आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. भाषण नको. खेड्यातल्या एका डॉक्टरचे हात पाहा आणि त्याचा फोन उचला.