मामलेदार कचेरीलगतची मिसळ

टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली निघालेल्या राइराइकेन या दुकानापासून ज्याच्या लोकप्रियतेचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे, त्या रामेन नामक रसयुक्त शेवयांसाठी जपानी गृहस्थ भर थंडीत रांग लावून उभे राहतात, हे ऐकून आमच्या एका स्नेह्यांना जपानयात्रेची ओढ लागली. मला मात्र, तेवढे द्रव्य आणि तेवढी रजा या दोहोंच्या अभावी, मामलेदार मिसळीसाठी ठाण्यास जावेसे वाटले.

डोंबिवलीहून धिमी गाडी मी बुद्ध्याच निवडली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली आणि पुढील वर्षी तो मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्यानंतर १९१६ साली पारसिकचा डोंगर फोडून बोगदा झाला. परंतु बोगद्यातून जाणाऱ्यास काय दिसणार? दिवा स्थानक मागे पडल्यावर डाव्या हातास मुंब्र्याचा तो कातळी डोंगर, उजवीकडे खाडीचे करडे पाणी आणि कांदळवन, हे सारे मुंब्र्यामार्गे जाणाऱ्या उतारूच्याच वाट्याला येते. अर्थात कोपरावर कोणाचे कोपर नसेल तर.

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस उतरून बाजारपेठेतून वाट काढीत मामलेदार कचेरीच्या दिशेने चालू लागले की नाकच वाटाड्या होते. मुर्डेश्वर कुटुंबातील नरसिंह मुर्डेश्वर यांनी १९४६ साली येथे उपाहारगृह थाटले. पुढे त्यांचे चिरंजीव लक्ष्मण मुर्डेश्वर यांनी ते नावारूपास आणले व २०२० च्या डिसेंबरात ते निवर्तले. दुकान कचेरीलगत असावे यात मला मोठे व्यवहारज्ञान दिसते. सातबाऱ्याचा उतारा, वारसाची नोंद, उत्पन्नाचा दाखला अशा कामांसाठी तालुक्यातून आलेला अर्जदार, त्याचा वकील, मुद्रांक विकणारा आणि साहेब अद्याप आले नाहीत असे सांगणारा शिपाई, या सर्वांस भूक एकाच वेळी लागते, आणि ती थोडक्या पैशांत व थोडक्या वेळात भागावी लागते. महसूल संहितेत आज तहसीलदार हेच नाव आहे. मामलेदार हा हुद्दा मात्र ठाणेकरांच्या जिभेवर मिसळीने टिकविला. कोणा अंमलदारास याहून अधिक लोकमान्य स्मारक लाभल्याचे मला ठाऊक नाही.

आत अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसावे लागते. "काका, तिखट की मध्यम?" असा प्रश्न आला आणि वयास अनुसरून मी मध्यम म्हणालो. क्षणार्धात बशी पुढे आली: तळाशी उसळ, तिच्यावर फरसाण, वर बारीक चिरलेला कांदा, आणि या सर्वांना बुडवून उरलेला तांबडा, तेलाची तर्री मिरविणारा रस्सा. पुणेरी मिसळीतील पोह्यांचा सौम्य समजूतदारपणा येथे नाही. कोल्हापुरी मिसळीचा कांदालसूण मसाल्याचा भरदार डौलही नाही. येथील तिखट आडवळण घेत नाही. ते प्रथम कंठास, मग कानशिलांस भिडते, आणि तरीही पावाचा पुढचा तुकडा हात आपसूक बुडवितो. समोरचा अर्जदार, कागदांची गुंडाळी काखेत धरून, कपाळ पुसत पुसत आणखी रस्सा मागत होता. जपानी आचारी हाडे तासन्‌तास उकळून जो रस सिद्ध करतो त्याची थोरवी मी नाकारीत नाही. पण कडधान्य, मसाला व तेल एवढ्याच भांडवलावर हा प्रभाव साधणे मला अधिक कठीण वाटते.

डोंबिवलीकरांस आपल्या मुनमुन मिसळीचा अभिमान आहे व तो सार्थ आहे. शिवाय मामलेदारच्या शाखाही आता ठाण्याबाहेर निघाल्या आहेत. तथापि प्रथम जाणाऱ्याने मूळ जागीच, कचेरी उघडण्याच्या सुमारास जावे, मध्यमच मागावी, आणि ताकाचा पेला आधीच सांगून ठेवावा.