बेलोऱ्याचं विमान कुणासाठी?

मैत्रिणींनो, नागपूरला एवढा मोठा विमानतळ असताना अमरावतीजवळ बेलोऱ्याला आणखी एक कशाला, असा प्रश्न आमच्या तिवस्यात अजूनही निघतो. आमचं गाव नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, त्यामुळे दोन्हीकडची वाट आम्हांला सारखीच परिचयाची. शेजारच्या काकू तर सरळ म्हणतात, "इमान इथं उतरलं काय न् तिथं उतरलं काय, माह्या काय कामाचं?"

खरं म्हणजे मुंबई-दिल्लीच्या पंक्तीत नागपूरही एके काळी धाकटंच. पण ते देशाच्या मधोमध! १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतत. जागेचा असा उपयोग झाला, म्हणून नागपूर मोठ्यांच्या शेजारी टिकलं.

बेलोऱ्याला तो मान नाही. अमरावतीहून बडनेऱ्याच्या पलीकडे, यवतमाळच्या वाटेवर हे गाव. धावपट्टी वाढवून १८५० मीटर केली, तरी मोठ्या जेट विमानांना ती अपुरीच. मग तिथे उतरणार कोण? तर पंख्यांचं, बहात्तर खुर्च्यांचं एटीआर. थोड्या जागेत उतरतं, इंधन कमी खातं, आणि भरायला बहात्तरच माणसं लागतात. चार माणसांच्या घरात रोज पंगतीचं पातेलं कोण चुलीवर चढवील? १६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरचं असंच विमान मुंबईहून आलं. सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. २०१६ च्या 'उडान' योजनेत काही खुर्च्यांचं भाडं बांधून दिलेलं असतं आणि कंपनीला पडणारी तूट सरकार भरून देतं. सगळ्याच खुर्च्या स्वस्त नसतात हं, म्हणून तिकीट आधी काढावं.

माझ्या मते बेलोऱ्याची स्पर्धा नागपूरशी नाहीच, ती आहे अंबा एक्सप्रेसशी! गाडीला मुंबई गाठायला अख्खी रात्र लागते, विमानाला पावणेदोन तासांच्या आसपास. धडधाकट माणसानं खुशाल गाडीनं जावं, डबा उघडून गप्पा मारत. पण मुंबईला उपचारासाठी न्यायचा आजारी माणूस, ज्याला कूस बदलतानाही कळा येतात, त्याचं काय? अमरावती, दर्यापूर, परतवाड्याच्या माणसाला आधी नागपूर गाठायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच. अकोल्याची शिवणीची धावपट्टी लहान, तिचं विस्तारीकरण जमिनीपायी वर्षानुवर्षं अडलेलं. तेव्हा त्यांनाही बेलोराच जवळचं. आम्हां तिवसेकरांना मात्र हिशेब करावा लागतो. बेलोऱ्याचं अंतर कमी, पण नागपूरहून रोज कितीतरी विमानं. आज एक चुकलं तर दुसरं मिळतं.

नुसत्या प्रवाशांवर असा विमानतळ जगेल, असं मला वाटत नाही. म्हणूनच दुसरी गोष्ट महत्त्वाची. एअर इंडियानं २०२४ साली इथे वैमानिक घडवण्याची संस्था काढायचं जाहीर केलं. चौतीस विमानं आणि वर्षाला १८० वैमानिक, असा तो बेत. शिकाऊ पोरांना उतरणं-उडणं पुन्हापुन्हा गिरवायचं असतं. गजबजलेल्या विमानतळावर त्यांना मोकळी धावपट्टी कोण देणार? बेलोऱ्याचं रिकामेपणच इथे कामी येतं.

हे वर्गात सांगितलं, तर आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मुलींना घेतात का?" घेतात ना! आपल्या देशात वैमानिकांमध्ये सुमारे पंधरा टक्के बायका आहेत, जगाच्या मानानं पुष्कळ. फी मात्र लाखांत जाते, तेही मी तिला सांगितलं. खोटी आशा कशाला लावा?

तुम्हांला जायचं असेल तर निघण्यापूर्वी वार आणि वेळ नक्की विचारून घ्या. विमानसेवा सुरू झाली तेव्हा रात्री उतरण्याची सोय नव्हती आणि पावसाळ्यात वेळापत्रकाचा नेम नसतो. आजारी माणूस सोबत असेल तर गाडीचं तिकीटही काढून ठेवावं. रद्द करताना थोडे पैसे कापले जातील, तेवढे जाऊ द्यावेत.