हृदयाची तार

मराठी माणसाचं हृदय मुळात रक्त ढकलण्यासाठी नसतंच. ते तुटण्यासाठी, पिळवटण्यासाठी आणि ऊठसूट भरून येण्यासाठी असतं. रक्ताचं काम ते फावल्या वेळात करतं. म्हणूनच हृदयाच्या आजाऱ्याला भेटायला गेलेला प्रत्येकजण एकच औषध सांगतो, "मनाला लावून घेऊ नका!"

नेरूळला राहणाऱ्या आमच्या साडूंना हे औषध आजवर निदान दोनशे जणांनी दिलं असेल. जुन्या झटक्याचा एक वण त्यांच्या हृदयावर आहे. विजेचा प्रवाह त्या वणाभोवती घिरट्या घालू लागला की ठोके थेट दोनशेच्या घरात! सिडकोनं आखून दिलेल्या सेक्टरात कुणीतरी अनधिकृत कनेक्शन घ्यावं, तसला प्रकार. गोळ्या झाल्या. पायातून नळी घालून तो भाग जाळूनही झाला. शेवटी कातडीखाली एक डबी बसवली. ठोके बिघडले की ती आतून शॉक देते. जीव वाचवते, वादच नाही. पण गाढवानं आतल्या बाजूनं लाथ मारावी तशी वाचवते. एका रात्री साडूंनी अशा सहा लाथा खाल्ल्या.

मग शॉकच्या भीतीनं धडधड, धडधडीनं ठोके बेताल आणि पुन्हा शॉक! क्रिकेट बंद झालं. सोसायटीतली भांडणं बंद झाली. नातू आला तरी त्याला जवळ घ्यायला भ्यायचे. आनंद झाला तर काय घ्या!

तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता तारच कापू." मणक्याच्या दोन्ही अंगांना मज्जातंतूंच्या गाठींची माळ असते. मेंदू घाबरला की 'पळा पळा' हा निरोप तिच्यातून हृदयाला जातो. बरगड्यांमधून दुर्बीण घालून त्या माळेचा वरचा तुकडा काढायचा. सगळ्यात वरची गाठ चांदणीच्या आकाराची. तिचा खालचा भागच घ्यायचा. वरचा दुखावला तर पापणी पडते. "म्हणजे जन्मभर डोळा मारल्यासारखं दिसणार?" ताईंनी, म्हणजे आमच्या थोरल्या मेहुणीबाईंनी, धास्तावून विचारलं.

हे खूळ नवं नाही. बुखारेस्टच्या थॉमस जोनेस्कू यांनी १९१६ साली ही शस्त्रक्रिया केली होती. सिडको जन्मली १९७० साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या मॉस आणि मॅकडोनाल्ड यांनी जन्मजात ठोक्यांच्या एका विकारावर ती वापरल्याचं प्रसिद्ध केलं.

ताईंची खरी शंका वेगळीच होती. "ह्यांची माया तर नाही ना कमी होणार?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्याच्या छातीत बसवलेल्या हृदयाच्या सगळ्याच तारा तुटलेल्या असतात. तरी ते चालतं आणि माणसं माया करतात. घाबरल्याची बातमी रक्तातूनही पोचते. फक्त ट्रंककॉलऐवजी पोस्टकार्डानं."

डाव्या बाजूची तार कापली. गोळ्या आहेत, डबीही आहे. पण वर्षभरात शॉक एकच बसला. परवा पाण्याच्या टाकीवरून साडूंनी नव्या सेक्रेटरीला भर सभेत धारेवर धरलं. उजव्या तळव्याला दरदरून घाम, डावा मात्र ठणठणीत कोरडा! तार कापल्यावर त्या बाजूच्या हाताला घाम येत नाही म्हणे.

तो कोरडा हात सभाभर ताईंनी धरून ठेवला होता.