नागपूरचे तलाव आणि आपली पाळ

नागपूर हे मोठे व जुने शहर आहे. गोंड राजा बख्त बुलंद शहा यांनी ते 1702 साली वसवले. दिवाळीच्या सुट्टीत मी व आई मामाकडे गेलो. मामा म्हणाले, "ऑटो नको, पायीच फिरू."

आधी झिरो माईल पाहिला. तिथे एक खांब व चार घोडे आहेत. इंग्रजांनी तो मोजणीसाठी उभारला. जवळच सीताबर्डीचा किल्ला आहे. 1817 साली तिथे भोसल्यांची व इंग्रजांची लढाई झाली. किल्ला आम्ही खालूनच पाहिला. मग महाराजबागेत गेलो. पाय लय दुखले, पण मजा आली.

संध्याकाळी फुटाळा तलावावर गेलो. तो भोसल्यांनी बांधला. मामीला शुगर आहे. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितले. म्हणून ती स्कूटरवर बसून तलावावर चालायला येते!

आई म्हणाली, "आपला तलाव तर घरामागेच आहे." खरेच, आपल्या जिल्ह्यात तलावच तलाव आहेत. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. आपल्या गावचा तलावही जुन्या माणसांनीच बांधला. पण त्याच्या पाळीवर बेशरम माजली आहे. सापाच्या भीतीने तिकडे कोणी जात नाही. माझ्या आजीलाही शुगर आहे. रस्त्यावर ट्रॅक्टर धावतात. मग तिने चालायचे कुठे?

एका शनिवारी शाळा सुटल्यावर सर्वांनी मिळून पाळ साफ करावी. मोठ्यांनी बेशरम कापावी, आम्ही मुले ओढून नेऊ. मग आजी माझा हात धरून पाळीवर फिरेल.